घरं बारा, काम एक : नोंदीसाठी फोनवरचं साधन कसं निवडावं?

(रेडिओवर दिलेलं भाषण, वाचकांसाठी थोडं नीटनेटकं करून)



आजच्या विषयाचं नाव ऐकलं की वाटतं, हे काही आपलं नाही, शहरातल्या कंपनीवाल्यांचं आहे. नाव आहे ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर’. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. एखादं मोठं काम अनेक जणींनी मिळून करायचं असेल, तर कोण काय करणार, कधीपर्यंत करणार, किती झालं आणि किती राहिलं, हे लिहून ठेवणारी फोनवरची वही म्हणजे हे सॉफ्टवेअर. त्याच्या जोडीनं आणखी एक शब्द येतो, ‘रिमोट टीम’. एका छताखाली न बसता आपापल्या घरून काम करणारी मंडळी, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्हीच सांगा, पापड लाटणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, उदबत्त्या वळणाऱ्या आपण कोण? रिमोट टीमच की! वरच्या आळीत एक, मळ्यात दुसरी, ओढ्यापलीकडच्या वाडीत तिसरी. काम गटाचं, पण प्रत्येकीच्या घरात विखुरलेलं. म्हणून हा विषय आपला आहे. गटानं फोनवर नोंद ठेवायचं ठरवलं, तर साधन कोणतं घ्यावं, ते कसं पारखावं आणि कशापासून सावध राहावं, हे आज बघू.

लांबून काम करणं जुनंच आहे

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापडाचं काम सुरू केलं. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढं लिज्जत पापड म्हणून देशभर गेलं. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. हे बहुतेकींना ठाऊक असेल. आज आपल्याला बघायची आहे ती त्यांची कामाची पद्धत.

पीठ मळलं जातं केंद्रावर. भगिनी सकाळी येतात, मळलेलं पीठ घरी नेतात, घरी पापड लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. तिथं पापड तपासले जातात, त्यांचं वजन होतं आणि लाटणावळ ठरते. पीठ किती नेलं, पापड किती आणले, मजुरी किती झाली, सगळं नोंदलं जातं. बाई आपल्या घरी, नोंद केंद्रावर आणि दोन्हींचा मेळ रोजच्या रोज. फोन नव्हते, इंटरनेट नव्हतं, तेव्हापासून हे चाललं आहे.

यावरून एक गोष्ट पक्की होते. लांबून काम चालतं ते नेमाच्या नोंदीवर. फोन ती नोंद सोपी करतो, पण नेम आपल्यालाच घालावा लागतो.

डोळ्याआडचं काम आणि संशय

एक उदाहरण घेऊ आणि तेच शेवटपर्यंत वापरू. समजा, गटाला ६०० कापडी पिशव्यांची ऑर्डर मिळाली. मुदत वीस दिवसांची. गटात बारा जणी, चार वाड्यांवर राहणाऱ्या. एक कापड आणणार, एक बेतणार, आठ जणी शिवणार, एक छपाई करणार, एक तपासून गठ्ठे बांधणार. शिवणारीच्या वाट्याला प्रत्येकी ७५ पिशव्या आल्या. शिवायला पंधरा दिवस धरले, तर रोजच्या पाच.

विसाव्या दिवशी गठ्ठे मोजले आणि भरल्या ५८८. बारा पिशव्या कमी. कुठं गेल्या? कापडच कमी पडलं होतं का? छपाईत खराब झाल्या का? की कोणी कमी दिल्या? नोंद नसेल तर पुढं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. संशय येतो तो बहुधा जी लांब राहते, जी कमी बोलते, जिला लिहितावाचता येत नाही, तिच्यावर. तिनं ७५ दिल्या असतील, पण दाखवायला काही नसतं. बारा पिशव्यांची मजुरी तशी थोडीच असते, पण तेवढ्यावरून माणसं दुखावतात आणि पुढच्या ऑर्डरला ती बाई येत नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच आहे की साधन निवडताना पहिला विचार हिचा करा. गटातली जी सगळ्यांत लांबची, जिचा फोन सगळ्यांत साधा, जिचं वाचन सगळ्यांत कमी, तिला स्वतःच्या कामाची नोंद करता आली पाहिजे आणि स्वतःचा हिशेब स्वतः बघता आला पाहिजे. तिला जमलं, तर बाकीच्यांना जमेलच.

आधी कागद, मग फोन

बाजारात गेल्यावर आपण आधी डबा बघतो की आधी त्यात काय भरायचं ते ठरवतो? इथंही तसंच. ॲप शोधायच्या आधी गटानं एकत्र बसून कागदावर काम मांडावं.

आपल्या पिशवीचे टप्पे लिहू : कापड आणणं, बेतणं, शिवणं, बंद लावणं, छपाई, धागे काढून तपासणं, घडी घालून गठ्ठे बांधणं. सात टप्पे झाले. आता प्रत्येक टप्प्यापुढं तीन गोष्टी लिहा : कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत आणि ‘झालं’ कधी म्हणायचं.

ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. पिशवी शिवून झाली म्हणजे झालं का? की बंद लावून, धागे कापून, तपासणाऱ्या ताईनं ‘बरोबर’ म्हटलं म्हणजे झालं? एकीच्या मनात एक आणि दुसरीच्या मनात दुसरं असेल, तर कितीही चांगलं ॲप आणा, आकडे जुळणार नाहीत. आपण ठरवू या : तपासणीत पास झालेली पिशवी तेवढी ‘झाली’. मग नोंदीला पाच रकाने पुरतात : नाव, किती नेल्या, किती परत आणल्या, किती पास झाल्या, मजुरी किती.

कंपन्यांतही हेच करतात. गिटलॅब नावाच्या एका सॉफ्टवेअर कंपनीतले कर्मचारी अनेक देशांत आपापल्या घरून काम करतात. त्यांनी कामाचे नियम एका हस्तपुस्तिकेत लिहून ठेवले आहेत आणि ती इंटरनेटवर कोणालाही वाचता येते. कारण सोपं आहे. एकाची सकाळ असते तेव्हा दुसऱ्याची रात्र असते, मग विचारायला कोण जागं असणार? आपल्याकडे रात्र वेगळी नसते, पण वेळा वेगळ्या असतातच. एक पहाटे धारा काढून मग शिवायला बसते, दुसरी दुपारी शेतातून आल्यावर, तिसरी वीज येईल तेव्हा. सगळ्या एका वेळी फोनवर येतील, असं धरून चालणारी पद्धत आपल्या कामाची नाही.

साधन पारखायचे सहा प्रश्न

कोणीही म्हणालं, ‘हे ॲप घ्या, फार छान आहे’, की पुढचे सहा प्रश्न विचारा.

एक : गटातल्या सगळ्यात साध्या फोनवर हे चालतं का? चार-पाच वर्षांपूर्वीचा फोन, भरलेली मेमरी, अशक्त नेट. अध्यक्षताईंच्या नव्या फोनवर चालून उपयोग नाही.

दोन : मराठीत लिहिता येतं का आणि बटणंही मराठीत आहेत का? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ ॲपमध्ये आपण मराठीत लिहू शकतो, पण बटणं इंग्रजीच राहतात.

तीन : नेट नसताना काय होतं? लिहिलेलं फोनमध्ये राहून नेट आल्यावर आपोआप जातं, की पुसलं जातं?

चार : प्रत्येकीला स्वतःची नोंद दिसते का आणि कोणी आकडा बदलला तर ते कळतं का?

पाच : खर्च किती? मोफत असेल तर किती जणींपर्यंत?

सहा : उद्या हे ॲप बंद करायचं ठरलं, तर आपली नोंद बाहेर काढता येते का? ज्या घरातून सामान बाहेर काढता येत नाही, तिथं राहायला जाऊ नये.

पाचव्या प्रश्नाचा हिशेब मांडून बघू. मोठ्या कामाची बहुतेक ॲप दरमहा माणशी पैसे घेतात. समजा माणशी २०० रुपये पडले. बारा जणींचे महिन्याला २,४०० झाले, वर्षाचे २८,८००. पिशवीला आठ रुपये शिलाई धरली, तर ती ३,६०० पिशव्यांची मजुरी झाली! एवढ्या पिशव्या नुसत्या वहीसाठी शिवायच्या का, हे गटानं ठरवावं.

बाजारात काय काय आहे

आता साधनं बघू, सोप्यापासून अवघडाकडे.

पहिलं, व्हॉट्सॲपचा गट. तो बहुतेकींकडे आहे, बटणं मराठीत करता येतात, आवाजात बोलून निरोप देता येतो, फोटो पाठवता येतो. ‘बुधवारी कोणाकोणाला कापड पाहिजे?’ असा प्रश्न टाकून मतं घ्यायची सोय आहे. महत्त्वाचा निरोप वर पिन करून ठेवता येतो. पण त्याची अडचणही तिथंच आहे. निरोप वाहत जातात. सकाळी कोणी लिहिलं, ‘माझ्या दहा झाल्या’, आणि संध्याकाळपर्यंत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, देवाचे फोटो आणि लग्नाच्या पत्रिका येऊन पडतात. महिन्याअखेरीस बेरीज करायला बसलं की डोकं फिरतं. म्हणून कामाचा गट वेगळा करा, तिथं कामाशिवाय काही टाकायचं नाही असा नियम करा आणि आपोआप पुसल्या जाणाऱ्या निरोपांची सोय बंद ठेवा. व्हॉट्सॲप निरोपासाठी चांगलं आहे, हिशेबासाठी नाही.

दुसरं, गूगल शीट. ही म्हणजे रकाने आखलेली वही, पण अनेक फोनवर एकाच वेळी उघडणारी. मोफत आहे, बटणं मराठीत करता येतात, बेरीज आपोआप होते. नेट नसतानाही वापरता यावी अशी सोय आधी सुरू करून ठेवता येते. कोणाला फक्त बघता यावं आणि कोणाला लिहिता यावं, हे ठरवता येतं. संगणकावर उघडली की आधी काय लिहिलं होतं आणि कोणी बदललं, तेही मागं जाऊन बघता येतं. म्हणजे चौथ्या प्रश्नाला इथं उत्तर आहे. अडचण ही की लहान पडद्यावर बोट चुकून भलत्याच घरात जातं आणि एकीचा आकडा दुसरीच्या नावापुढं पडतो. म्हणून लिहिण्याची परवानगी दोघी-तिघींनाच द्या आणि बघण्याची सगळ्यांना.

तिसरं, फळ्यासारखी ॲप. यातलं नावाजलेलं म्हणजे ट्रेलो. यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधल्या टोयोटा मोटार कारखान्यात ताइची ओनो यांनी कामाच्या चिठ्ठ्यांची पद्धत बसवली. पुढच्या माणसाला जेवढा माल हवा, तेवढ्याची चिठ्ठी मागं जायची आणि तेवढाच माल बनायचा. या चिठ्ठीला म्हणतात कानबान. आजच्या ॲपमध्ये याच कल्पनेचा फळा असतो : एका रकान्यात ‘करायचं आहे’, दुसऱ्यात ‘चालू आहे’, तिसऱ्यात ‘झालं’. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, ती बोटानं सरकवत न्यायची. काम कुठं अडलं आहे, हे एका नजरेत दिसतं. छपाईपाशी दहा चिठ्ठ्या साठल्या, तर छपाईला आणखी एक हात द्यायला हवा, हे न विचारता कळतं.

ट्रेलोत मराठीत लिहिता येतं, बटणं मात्र मराठीत नाहीत. मोफत योजनेत एकत्र काम करणाऱ्यांची संख्या दहावर थांबते, म्हणजे आपल्या बारा जणी तिथं मावत नाहीत. शिवाय हे फळे कामाचे टप्पे छान दाखवतात, पण ७५ पैकी ६८ पास, सात परत, असा मोजमापाचा हिशेब त्यांत अवघड होतो. गंमत म्हणजे या फळ्याला फोन लागतच नाही. समाजमंदिराच्या भिंतीवर खडूनं तीन रकाने आखा, जुन्या पत्रिकांचे तुकडे चिकटवा, झाला फळा. रोज संध्याकाळी एकीनं त्याचा फोटो काढून गटावर टाकला की चारही वाड्यांना दिसला.

चौथं, मोठ्या कंपन्यांसाठीची ॲप. असाना, जिरा, झोहो प्रोजेक्ट्स ही त्यांतली काही नावं. यातली झोहो आपल्या देशातली, तमिळनाडूतली कंपनी. तेनकाशीजवळच्या ग्रामीण भागातही तिचं कार्यालय आहे. ही ॲप वाईट नाहीत. कोणत्या कामावर किती तास गेले, कोणतं काम अडलं म्हणून पुढची कोणती कामं थांबली, असं सगळं ती दाखवतात. पण आपल्याला सात टप्पे आणि बारा नावं सांभाळायची आहेत. पाटा-वरवंट्यानं भागतं तिथं गिरणी कशाला? पुढं ग्रामसंघानं किंवा उत्पादक कंपनीनं पाच-पन्नास गटांचं काम एकत्र घेतलं आणि संगणकावर बसणारी एक पगारी ताई ठेवली, तर मात्र यांचा विचार जरूर करावा.

एक खुलासा करायला हवा. उमेदच्या गटांना सरकारी लोकओएस ॲप ऐकून माहीत असेल. ते गटाची बचत, कर्ज, हप्ते यांच्या नोंदीसाठी आहे. ऑर्डरचं काम कोणी किती नेलं, याची वही आपली आपल्यालाच ठेवावी लागते. दोन्हींची सरमिसळ करू नका.

तिच्या हातातलं कार्ड

आता ज्यांच्याकडे स्वतःचा फोनच नाही, त्यांचं काय? हा प्रश्न छोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का. देशभरात साधारण ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. खेड्यांत हे प्रमाण निम्म्याहूनही कमी निघालं. घरात फोन असतो, पण तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. ‘सगळ्यांनी ॲपवर टाका’ म्हटलं की निम्म्या जणी तिथंच बाहेर पडतात.

म्हणून आम्ही सुचवतो जोडपद्धत. प्रत्येक वाडीत एक नोंद ठेवणारी ताई नेमा, जिच्याकडे चालता फोन आहे. आणि प्रत्येक काम करणारीच्या घरी एक कार्ड ठेवा. जाड पुठ्ठ्याचा तुकडा चालेल. त्यावर चार रकाने : तारीख, नेल्या, परत आणल्या, पास. पिशव्या देताघेताना दोन्हीकडे एकदम लिहायचं. ताई फोनवर आकडा टाकेल आणि कार्डावर आकडा लिहून सही करेल. रोजगार हमीच्या जॉब कार्डाचं तत्त्व आठवा. कामाची नोंद असलेलं ते कार्ड मजुराच्या कुटुंबाकडे राहायला हवं. का? तर पुरावा ज्याच्या कष्टाचा, त्याच्याच घरी असावा म्हणून. फोनवरचा आकडा आणि कार्डावरचा आकडा जुळला नाही, तर त्याच दिवशी कळेल. विसाव्या दिवशी बारा पिशव्या शोधत बसावं लागणार नाही.

नोंद ठेवणारीचाही वेळ जातो. रोजचा अर्धा तास म्हणजे महिन्याचे पंधरा तास. शिलाईला मजुरी आणि नोंदीला फुकट राबणं, असं करू नका. ऑर्डर घेतानाच पिशवीमागं थोडे पैसे नोंदीसाठी बाजूला धरा.

पंधरा दिवस वापरून बघा

साधन निवडलं की लगेच सगळं काम त्यावर टाकू नका. एक छोटी ऑर्डर घ्या, किंवा मोठ्या ऑर्डरचा एक भाग आणि एकच वाडी. पंधरा दिवस फोनची नोंद आणि जुनी वही, दोन्ही चालू ठेवा. पंधराव्या दिवशी बैठकीत चार गोष्टी तपासा : दोन्हींची बेरीज जुळते का? किती जणींनी न सांगता स्वतःहून नोंद केली किंवा करून घेतली? कोणाला विचारावं लागलं आणि काय अडलं? ‘माझ्या किती झाल्या?’ याचं उत्तर प्रत्येकीला दोन मिनिटांत मिळालं का?

चौथ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर साधन बदला. कोणी कितीही शिफारस केलेली असो.

किल्ल्या कोणाकडे?

आपल्या अनेक गटांत पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे असते. ही शहाणी रीत फोनलाही लावा. शीट किंवा ॲप कोणा एकीच्या खाजगी खात्यावर काढू नका. गटाच्या कामासाठी वेगळं ईमेल खातं काढा. त्याचा पासवर्ड दोघींना माहीत असू द्या आणि बंद पाकिटात लिहून गटाच्या पेटीत ठेवा. पासवर्ड विसरला तर ज्या फोनवर आकडे येतात, तो नंबर गटातल्याच बाईचा असावा. नवऱ्याचा, दिराचा किंवा दुकानदाराचा नको. पदाधिकारी बदलले की त्याच दिवशी पासवर्ड बदला.

आणखी तीन पथ्यं. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, ‘ॲप सुरू करून देतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. शीटमध्ये आधारचे, बँक खात्याचे नंबर लिहायचे नाहीत, कामाच्या नोंदीला ते लागत नाहीत. आणि नवं ॲप उतरवताना ते फोटो, संपर्क, ठावठिकाणा असं काय काय मागतं ते बघा. पिशव्या मोजायला आपण कुठं आहोत हे कशाला लागतं? ‘परवानगी नाही’ म्हणा.

दर महिन्याच्या शेवटी शीटची छापील प्रत काढा, किंवा बेरजा वहीत उतरवा आणि बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा. फोन पाण्यात पडतो, हरवतो, बिघडतो. सगळ्यांसमोर वाचलेला हिशेब मात्र बाराही जणींच्या लक्षात राहतो.

नेहमी येणारे प्रश्न

‘आमच्यातल्या तिघींना लिहिता येत नाही, मग?’ आकडे बहुतेकींना ओळखता येतात, बाजार करणाऱ्या बाईला ते शिकवावे लागत नाहीत. नावाच्या जागी प्रत्येकीला एक खूण द्या : मोर, सूर्य, कमळ. कार्डावर तीच खूण आणि शीटमध्येही तीच. शिवाय ‘आज पाच दिल्या’ हे आवाजात बोलून पाठवता येतं. नोंदताईनं ते ऐकून लिहायचं आणि उलट वाचून दाखवायचं.

‘मुलगा फोनवर सगळं करून देतो, ते चालेल का?’ शिकवायला मुलगा चालेल, मुलगी तर त्याहून चालेल. पण करून द्यायला नको. पहिल्या आठवड्यात त्यानं दाखवावं, दुसऱ्या आठवड्यात तो शेजारी बसेल आणि बोट तुमचं चालेल. तिसऱ्या आठवड्यात तो बाहेर खेळायला जाईल.

‘सचिवताई हुशार आहेत, सगळं त्याच बघतात. मग ॲप कशाला?’ सचिवताईंसाठीच! त्या आजारी पडल्या, बाळंतपणाला माहेरी गेल्या, तर गटाचं काम थांबू नये. सगळी नोंद एकीच्या डोक्यात असणं हे तिच्यावरचं ओझं आहे आणि गटासाठी धोका.

‘सगळ्यांना सगळ्यांचे आकडे दिसले, तर चढाओढ लागेल, भांडणं होतील.’ ही भीती खरी आहे. कोणाकडे तान्हं मूल, कोणाकडे अंथरुणाला खिळलेली सासू. तिच्या रोजच्या तीनच पिशव्या होणार. म्हणून काम वाटतानाच प्रत्येकीनं झेपेल तेवढाच आकडा स्वतः सांगावा, नोंद त्या आकड्याशी ताडून बघावी, शेजारणीच्या आकड्याशी नाही. आणि एखादीचं मागं पडताना दिसलं, तर ‘का झालं नाही?’ असं गटावर विचारण्याऐवजी एकीनं तिच्या घरी जाऊन यावं. मशीन बिघडलं असेल, दोरा संपला असेल, बरं नसेल. नोंद आपल्याला एवढंच सांगते की कोणाच्या दारात आज जायला हवं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. हातातल्या ऑर्डरचे टप्पे कागदावर लिहा आणि ‘झालं’ कधी म्हणायचं ते ठरवा. गटात कोणाकडे कोणता फोन आहे, तो कोणाच्या ताब्यात असतो, याची यादी करा. आणि कार्डं कापून प्रत्येकीच्या हातात द्या. ॲप कोणतं, हा प्रश्न त्यानंतर घ्या, मग तो फारसा अवघड राहणार नाही. बारा-पंधरा जणींच्या गटाला आमचं उत्तर आजच्या घडीला असं आहे : निरोपाला व्हॉट्सॲप, हिशेबाला गूगल शीट, हातात कार्ड आणि भिंतीवर फळा. तुमच्या गटाचं उत्तर वेगळं निघू शकतं. काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा, पत्रानं किंवा आवाजात बोलून.